जुन्या पोथीतलं कापलेलं चित्र हाती आलं तर आधी पाठ बघा

सगळ्यात आधी ते उलटं करा. समोरचा सोन्याचा वर्ख, निळाशार रंग, अक्षराच्या पोटात बसलेला इवलासा संत, हे काही पळून जात नाहीये. युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांतून कापून काढलेल्या या चित्रांना इकडे कटिंग म्हणतात, मी सरळ कात्रण म्हणते, आणि कात्रण विकणारा माणूस कायम पुढची बाजू दाखवतो, कामाची माहिती बसलेली असते पाठीवर. हे शिकायची फी मी ६० पौंड भरलीये. इंग्लंडला आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका गावच्या ॲंटिक फेअरमधे फ्रेम केलेलं एक मोठं सोनेरी अक्षर घेतलं, विकणारा म्हणाला पंधराव्या शतकातलं आहे, मी मान डोलावली, घरी आणून हॉलमधे लावलं, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलं, आणि आठ महिन्यांनी काच तडकली म्हणून फ्रेम उघडली तर मागे कोरा पांढरा जाड कागद. भिंग लावलं तर रंगाच्या जागी बारीक बारीक ठिपके. व्हिक्टोरियन काळातली छापील नक्कल निघाली, क्रोमोलिथोग्राफ, त्या काळी असल्या सजावटीच्या पुस्तकांची इथे चिक्कार फॅशन होती. फ्रेम तेवढी चांगली होती.

तेव्हापासून जे काही चुकतमाकत शिकले ते इथे टाकतेय. विकत घ्यायचं असेल तरच वाचा असं नाही, म्युझियमच्या वेबसाइटवर झूम करून बघतानाही हेच सगळं लागू पडतं.

मुळात ही कात्रणं झाली कशी ते माहीत असलं की पाठीवर काय शोधायचं ते कळतं. चर्चमधल्या गायकांची पुस्तकं अवाढव्य असायची, स्टँडवर एकच पुस्तक उघडून ठेवायचं आणि सगळ्यांनी समोर उभं राहून त्यातून गायचं, त्यामुळे लांबून दिसावीत म्हणून अक्षरं मोठी, सुरांच्या रेघा मोठ्या, पानं दोन दोन फूट उंच. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, १७९६ पासून नेपोलियनच्या फौजा इटलीत शिरल्या, मठ बंद पडले, त्यांचं सामान बाजारात आलं. एकट्याला उचलवत नाही असलं बाड कोण घेणार? चित्र मात्र खिशात मावतं आणि लगेच विकलं जातं. १७९८ मधे फ्रेंच सैन्य रोममधे घुसलं तेव्हा पोपच्या सिस्टीन चॅपलची गाण्याची पुस्तकंही लुटीत गेली, त्यातली चित्रं व्हेनिसच्या लुईजी चेलोत्ती नावाच्या पाद्र्याकडे आली, हा पाद्री कमी आणि डीलर जास्त, आणि २६ मे १८२५ ला लंडनमधे क्रिस्टीजने त्यांचा लिलाव केला, एकूण ९७ लॉट, म्हणजे विक्रीचे एकेक नग. नुसत्या कात्रणांचा पहिला लिलाव म्हणून हाच सांगतात. कॅटलॉग लिहिणारा विल्यम यंग ऑटली स्वतःच मोठा संग्राहक, पुढे १८३३ मधे ब्रिटिश म्युझियममधे प्रिंट्सचा कीपर, म्हणजे त्या विभागाचा प्रमुख झाला. त्याच्या दृष्टीने ही छोटी पेंटिंग्जच होती, मोठ्या इटालियन चित्रकलेचे जपलेले तुकडे. पुस्तक कुठलं होतं, पुढच्या मागच्या पानावर काय होतं, याच्याशी त्या काळी फारसं कुणाला देणंघेणं नव्हतं.

आता कामाला लागू. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडे असतं तसलं, आणि एक मिलिमीटरची पट्टी, आणि टॉर्च. हात साबणाने धुऊन कोरडे करा, पांढरे कापडी ग्लोव्हज नकोत, ते सिनेमात छान दिसतात पण बोटाला अंदाज येत नाही आणि कड फाटते.

टॉर्च एका बाजूने आडवा मारा. खरं पार्चमेंट म्हणजे कातडं, वासराचं नाहीतर मेंढी-बकरीचं, त्यामुळे दोन बाजू वेगळ्या असतात: केसांची बाजू जरा पिवळसर, भिंगातून केसांच्या मुळांचे ठिपके दिसतात, आणि मांसाची बाजू जास्त पांढरी. बरीच कात्रणं किंचित वाकलेली असतात, कातडं शेवटी कातडंच. सोनं बघा. खाली लेप देऊन वर वर्ख चिकटवला असेल तर सोनं उठून आलेलं असतं, टॉर्च हलवला की आरशासारखं चमकतं आणि त्यात बारीक भेगा असतात. सोन्याची पूड रंगासारखी लावली असेल तर चमक मंद आणि दाणेदार. दोन्ही खरेच प्रकार आहेत, एकाच चित्रात दोन्ही असू शकतात. रंगात ठिपक्यांची जाळी दिसली तर माझ्यासारखे ६० पौंड गेले समजा. यात अजून एक गंमत आहे ज्यात जाणकारही फसतात, साधारण १५०० च्या सुमाराला पॅरिसमधे प्रार्थनेची पुस्तकं चक्क पार्चमेंटवर छापायचे आणि मग चित्रं हाताने रंगवायचे, म्हणजे कातडं खरं, वय खरं, रंग खरे, पण मजकूर छापील. त्यात वाईट काही नाही, फक्त हस्तलिखिताचा भाव देऊ नका.

यानंतर मजकूर, आणि माझा सगळ्यात आवडता भाग हाच. लॅटिन येत नाही म्हणून सोडून देऊ नका, मलाही येत नाही. चार लाल रेघांवर चौकोनी स्वर दिसले तर पुस्तक गाण्याचं. मिसाच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या वेळची गाणी असतील तर त्याला ग्रॅजुअल म्हणतात, दिवसभराच्या बाकीच्या प्रार्थनांची असतील तर अँटिफोनरी. ग्रॅजुअलमधे कुठल्या सणाला कुठलं गाणं ते ठरलेलं असतं आणि त्या गाण्याचं पहिलं अक्षर मोठं करून त्यात त्या सणाचं चित्र काढतात, त्यामुळे अक्षर आणि चित्र एकमेकांचे साक्षीदार. पी मधे बाळ येशू असेल तर ख्रिसमसचं 'पुएर नातुस', आर मधे थडग्यातून उठणारा ख्रिस्त असेल तर ईस्टरचं 'रेसुरेक्सी', ए मधे वर हात केलेला राजा डेव्हिड असेल तर बहुतेक ॲडव्हेंटच्या (ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारचं 'आद ते लेवावी'. आर मधे अंत्ययात्रा दिसली तर ते 'रेक्वियम', ईस्टर नव्हे. कुठेतरी ई व्ही ओ व्ही ए ई अशी अक्षरं सलग दिसली तर डोकं खाजवू नका, तो शब्दच नाही, 'सेकुलोरुम आमेन' मधले नुसते स्वर आहेत, गायकाला शेवट कसा करायचा त्याची खूण.

पाठीवरचे दोन-तीन शब्द, अगदी अर्धे तुटलेले असले तरी, कॅंटस नावाच्या ऑनलाइन डेटाबेसमधे टाका, फुकट आहे, कुठलं गाणं कुठल्या दिवशीचं ते येतं. अक्षरं जोडून लिहिलेली असतात आणि निम्मी गाळून वर रेघ मारलेली असते (आपल्या मोडीच्या कागदात शब्द तोडतात तसंच साधारण), पण एखादा धड शब्द मिळाला तरी पुरतो.

याचा उपयोग काय ते एका उदाहरणाने सांगते. समजा तुमच्याकडे 'पुएर नातुस' चा पी आहे. हे ख्रिसमसच्या तिसऱ्या, म्हणजे दिवसा होणाऱ्या मिसाचं पहिलं गाणं. पाठीवर 'विदेरुंत' असं काही दिसलं तर ते त्याच मिसातलं पुढचं गाणं, म्हणजे अक्षर पानाच्या पुढच्या बाजूला होतं आणि पान उलटलं की मजकूर पुढे चालू. पाठीवर 'एक्सुल्ता फिलिया' निघालं तर ते आधीच्या, पहाटेच्या मिसाचं शेवटचं गाणं, म्हणजे आपलं चित्र खरं तर पानाच्या मागच्या बाजूला होतं आणि फ्रेमवाल्याने ज्याला पाठ म्हटलं ती मूळ पानाची पुढची बाजू होती. हे कळलं की पुस्तक मनातल्या मनात उघडायला लागतं. पाठीवरच्या दोन तुकड्यांच्या मधे किती अक्षरं गेली ते मोजलं तर ओळ किती रुंद होती, पान साधारण केवढं होतं, इथपर्यंत अंदाज येतो.

मग मापं, हा कंटाळवाणा पण सगळ्यात भरवशाचा पुरावा. चार रेघांपैकी सगळ्यात वरची ते सगळ्यात खालची हे अंतर मिलिमीटरमधे मोजा. या रेघा एकाच फणीसारख्या पेनाने मारलेल्या असायच्या, त्यामुळे एका पुस्तकात ते अंतर सहसा तेच राहतं, आणि जगभर विखुरलेली भावंडं, म्हणजे त्याच पुस्तकातले बाकीचे तुकडे, ओळखायला हा आकडा चित्रकाराच्या स्टाईलपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण स्टाईलवर तज्ज्ञ भांडतात आणि पट्टीवर भांडता येत नाही. फ्लॉरेन्समधल्या सांत आन्येझे नावाच्या धार्मिक मंडळासाठी साधारण १३४० मधे पाचीनो दी बोनाग्वीदा आणि अजून एका चित्रकाराने सजवलेलं भजनांचं पुस्तक होतं, तेही असंच फुटून जगभर गेलं, त्याची बरीचशी पानं २०१२ मधे लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने एका प्रदर्शनात शेजारी शेजारी लावली. असं जुळवून आणायला मापं, मजकूर, पाठ सगळं लागतं.

आणि पाठच नसेल तर? ज्यां फूकेने फ्रान्सच्या राजाचा खजिनदार एतिएन शेवालिये याच्यासाठी रंगवलेलं प्रार्थनेचं पुस्तक घ्या, पंधराव्या शतकातलं फ्रेंच चित्रकलेचं शिखर म्हणतात त्याला. ते अठराव्या शतकात कापलं गेलं, ४० चित्रं लाकडी फळ्यांवर चिकटवली, खालचा मजकूर दिसू नये म्हणून त्यावर दुसऱ्या हस्तलिखितातले तुकडे चिकटवले. ड्यूक दोमालने १८९१ मधे ती ४० विकत घेतली, आता पॅरिसजवळच्या शांतियीच्या म्युझियममधे आहेत, आणखी काही लूव्र, ब्रिटिश लायब्ररी, न्यूयॉर्क असं कुठे कुठे. चित्रं अप्रतिमच आहेत, पण फळीवर डकवल्यावर पाठ गेली ती गेली. तुमचं कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका, पाणी तर अजिबात लावू नका, कॉन्झर्वेटरला, म्हणजे असल्या जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञालाच द्या.

आता मालक कोण होते ते शोधणं. इथे लोक कंटाळतात पण माझ्या मते कात्रणाचा अर्धा इतिहास मालकांचाच असतो, आणि प्रत्येक संग्राहकाची कापायची, चिकटवायची सवय वेगळी. चेलोत्तीच्या मालात कोलाज सापडतात, म्हणजे एका पानातलं चित्र, दुसऱ्यातल्या बॉर्डरच्या पट्ट्या, तिसऱ्यातली सोनेरी अक्षरं असं जोडून छोटं पेंटिंग बनवलेलं. टॉर्च आडवा मारला की सांधे दिसतात आणि वेलबुट्टी कोपऱ्यात जुळत नाही. इंग्लिश कलासमीक्षक जॉन रस्किन, ज्याने आयुष्यभर जुन्या कलेच्या जतनावर व्याख्यानं दिली, त्याच्या ३ जानेवारी १८५४ च्या डायरीत नोंद आहे की संध्याकाळी मिसल (मिसाच्या प्रार्थनांचं पुस्तक) कापलं, मेहनतीचं काम. मला हे वाचून हसू पण आलं आणि राग पण. तो पानं मित्रांना वाटायचा, शिकवायला द्यायचा, हेतू वाईट नव्हता, पण कात्री ती कात्रीच. आजचं लंडनचं व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमसुद्धा सुरुवातीच्या काळात डिझाईन शिकणाऱ्या मुलांना नमुने म्हणून कात्रणं गोळा करत होतं, त्यांचा ऑनलाइन संग्रह नवशिक्यांसाठी बेस्ट आहे.

विसाव्या शतकातले संग्राहक जरा वेगळे, त्यांनी कापलं कमी आणि जमवलं जास्त. पॅरिसचे आर्ट डीलर जॉर्ज वाइल्डनस्टाइन यांची २२८ कात्रणं त्यांच्या मुलाने १९८० मधे पॅरिसच्याच मार्मोत्तां म्युझियमला दिली, लोक तिथे मोनेची कमळं बघायला जातात आणि या खोलीसमोरून सरळ पुढे जातात. व्हेनिसमधे काउंट व्हित्तोरियो चीनी यांचा संग्रह आहे, विमान अपघातात गेलेल्या मुलाच्या, जॉर्जोच्या नावाने काढलेल्या फाउंडेशनकडे. फिलाडेल्फियाचे वकील जॉन फ्रेडरिक लुईस यांची हजारो पानं आणि कात्रणं तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत आहेत. बर्नार्ड ब्रेस्लाउअर स्वतः पुस्तकांचे डीलर, त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीने १९९२ मधे दाखवला. यातल्या कुणाच्याही संग्रहाच्या कॅटलॉगमधे तुमच्या कात्रणाचं भावंड निघू शकतं, म्हणून जुने कॅटलॉग चाळणं हे काम टाळता येत नाही.

आणि मग ओटो एगे. हे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे कलाशिक्षक, अख्खी हस्तलिखितं सोडवून सुटी पानं विकायचे, आणि ५० वेगवेगळ्या पुस्तकांतलं एकेक पान घालून ४० पेट्या बनवल्या. म्हणणं असं की सामान्य माणसाला, छोट्या कॉलेजला निदान एक पान तरी हातात घेता यावं. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथीड्रलचं तेराव्या शतकाच्या शेवटचं मिसल, ३०९ पानांचं, ते १९४२ पर्यंत विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वर्तमानपत्रवाल्याकडे अख्खं होतं, त्याने विकलं आणि फिलिप डुश्नेस नावाच्या न्यूयॉर्कच्या डीलरने लगेच सोडवून पानं विकायला काढली, उरलेलं एगेंकडे गेलं. लिसा फेगन डेव्हिस या संशोधक वर्षानुवर्षं ते मिसल ऑनलाइन परत जुळवतायत, शंभराहून जास्त पानं सापडलीयेत. २०२२ मधे अमेरिकेतल्या मेन राज्यात घरातलं जुनं सामान विकतात तसल्या एका सेलमधे त्यातलंच एक पान कुणाला तरी ७५ डॉलरला मिळालं. पेट्यांमधे प्रत्येक पुस्तकाचा नंबर ठरलेला आहे, बोव्हेचा १५, त्यामुळे एगेंच्या पेटीतलं पान असेल तर शोध बराच सोपा होतो.

मालकाच्या खुणा कुठे सापडतात? पेन्सिलने लिहिलेले नंबर, ते बऱ्याचदा लिलावातले लॉट असतात. दोन-चार अक्षरांचा निरर्थक शब्द, तो डीलरचा किमतीचा कोड असू शकतो, आपल्याकडे कापडवाले चिठ्ठीवर लिहितात ना तसा. छोटा शिक्का असेल तर फ्रिट्स लुग्ट यांनी १९२१ मधे संग्राहकांच्या शिक्क्यांची सूची काढली ती आता ऑनलाइन फुकट शोधता येते. फ्रेमच्या मागे स्टेन्सिलने काळे आकडे-अक्षरं असतील तर क्रिस्टीजचा नंबर असण्याची शक्यता. म्हणून कळकळीने सांगते, जुनी फ्रेम, मागचा पुठ्ठा, फाटकं लेबल, काहीही टाकू नका, आधी फोटो काढा आणि मग एका पाकिटात ठेवा. नंतर पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा शोनबर्ग डेटाबेस बघा, त्यात जुन्या विक्रीच्या नोंदी आहेत, आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गचा फ्रॅगमेंटेरियम, तिथे असल्याच तुकड्यांचे फोटो असतात.

थांबा, पाठ खरी निघाली म्हणून पुढचं खरं असं धरून चालू नका. स्पॅनिश फोर्जर नावाचा एक बहाद्दर होऊन गेला, नाव अजून कुणाला कळलेलं नाही, बहुतेक पॅरिसला बसून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी काम करायचा. तो जुन्या गाण्याच्या पुस्तकातली खरी पानं घ्यायचा, एका बाजूचा मजकूर खरवडायचा आणि त्यावर मध्ययुगीन चित्र काढायचा. पाठीवर अस्सल स्वर, पुढे अस्सल बनावट. आपल्याकडे जुन्या स्टॅम्प पेपरवर मुघल स्टाईलची चित्रं काढून टुरिस्टला विकतात, सेम आयडिया. मॉर्गन लायब्ररीच्या बेल दा कोस्टा ग्रीन यांनी १९३० मधे त्याला पकडलं. ओळखायचं कसं, तर बायकांचे चेहरे जरा जास्तच गोड, गळे फारच खोल, किल्ले नाटकाच्या पडद्यासारखे, चित्र पाठीवरच्या मजकुराशी काही संबंध नसलेलं, शिकार नाहीतर प्रेमीयुगुल. आणि त्याने वापरलेल्या हिरव्यात आर्सेनिक निघालं, तसला हिरवा मध्ययुगात नव्हताच. हल्ली स्पॅनिश फोर्जर म्हणूनच त्याची चित्रं विकत घेणारे आहेत, असो.

घ्यायचं का? माझं मत: विक्रीची जुनी नोंद दाखवता येत असेल तर घ्या, कालपरवापर्यंत अख्खं असलेलं पुस्तक फोडून आलेलं पान असेल तर नको, कारण आपण घेतो म्हणूनच पुढचं पुस्तक फुटतं. ताजी कापलेली कड पांढरी आणि धारदार दिसते, जुनी कड मळकट असते. पानाला विचारायचे प्रश्न विक्रेत्यालाही लेखी विचारा, कुठून आलं, कधी. चोरीचा माल असतोच, ओहायोच्या एका प्राध्यापकाने व्हॅटिकन लायब्ररीत बसून चक्क पेट्रार्क या जुन्या इटालियन कवीच्या मालकीच्या हस्तलिखितातली पानं काढून नेली होती, १९९५ मधे उघड झालं. इटालियन चर्चमधल्या पुस्तकातलं वाटलं तर इटलीच्या काराबिनिएरी पोलिसांची चोरीच्या कलावस्तूंची यादी ऑनलाइन आहे, ती आधी बघा.

जपणुकीचं थोडक्यात. ऊन नको, सेलोटेप नको, लॅमिनेशनचा विचारसुद्धा नको. कातडं हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या जुलैमधे ते पापडासारखं वर-खाली होणार, बाहेरच्या भिंतीवर लावू नका, काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे खिडकी कापलेला पुठ्ठा घाला, आणि माउंटमधे मागूनही एक खिडकी कापून घ्या. कुठलाही बरा फ्रेमवाला करून देतो, फक्त तो आधी विचारेल की मागे बघायचंय काय.

माझ्याकडे आता एक खरं आहे, तळहाताएवढं, डी अक्षर, आत चित्र पण नाही नुसती वेलबुट्टी, म्हणून परवडलं. रेघांचं माप ३४ मिलिमीटर. पाठीवर एका शब्दाचं शेपूट आणि पेन्सिलने लिहिलेला ६१. कुठल्या लिलावाचा ६१ ते शोधतेय, १८३८ च्या ऑटलीच्या सेलपासून सुरुवात केलीये.